मुंबईतील ‘दादा’ व त्यांच्या टोळ्या

‘दादा’ हे नाव आपण घरी वडील भावास देतो. पेण व रोहा येथील घराघरांतून ते आदराने उच्चारले जाते. परंतु मुंबई शहरात याच शब्दास निराळा अर्थ चिकटला. तरुणांची टोळी बाळगून गल्लीवर धाक बसविणारा इसम तेथे ‘दादा’ म्हणविला गेला. हा अर्थपालट कसा घडला, हे विद्यार्थ्यांनी व पालकांनीही समजून घेण्याजोगे आहे.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी परळ, लालबाग, भायखळा हा सारा भाग गिरण्यांनी व्यापला होता. रत्नागिरी, सातारा व आपला तेव्हाचा कुलाबा जिल्हा येथून हजारो माणसे पोटासाठी तेथे गेली. चाळीतील एका खोलीत अनेकांनी पाठ टेकावयाची, खाणावळीत जेवावयाचे, जॉबरची मर्जी संपादून काम मिळवावयाचे आणि अडचण आली की पठाणाकडून भारी व्याजाने पैसे काढावयाचे, असा त्यांचा जीवनक्रम असे. तंटा उपस्थित झाल्यास परमुलखात पाठीराखा कोण? ही उणीव दादाने भरून काढली.

दादाचे ठाणे म्हणजे बहुधा आखाडा. तेथे तरुण कसरत करीत व त्याच्या शब्दाखातर धावून जात. तो भांडणे मिटवी, सणासाठी वर्गणी गोळा करी व मिरवणुकीचे पुढारपण करी. मोहरमात निघणाऱ्या टोळ्यांतून हिंदूही सामील होत. मात्र दोन मोहल्ल्यांच्या टोळ्या समोरासमोर आल्या की पुष्कळदा मारामारी जुंपे. १९११ सालच्या दंग्यानंतर पोलीस कमिशनर एस. एम. एडवर्ड्स यांनी कडक निर्बंध घालून टोळ्यांचा हा प्रकार मोडून काढला.

तथापि दादा नाहीसा झाला नाही. त्याच्या संरक्षणास किंमत होती. दुकानदारांनी पैसे द्यावयाचे, चाळकऱ्यांनी मुकाट्याने राहावयाचे. १९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. त्या काळात काही दादा संपवाल्यांच्या बाजूस, तर काही मालकांच्या बाजूस उभे राहिले. घोडपदेव येथे व्यायामशाळा चालविणारे केशवदादा बोरकर यांचे संपाच्या पुढाऱ्यांशी उघड वैर होते. काल ज्याने आधार दिला, त्याचीच काठी आज कामगाराच्या पाठीवर पडू शके!

सरकारने कायद्याचा उपाय योजिला. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात टोळ्या पांगविण्याची व गुंडांस तडीपार करण्याची तरतूद आहे. परंतु एका दादास हद्दपार केल्याने त्याची जागा रिकामी राहत नाही. ज्या गरजेतून तो निपजला, ती गरज दुसऱ्यास उभा करते. कामगार संघ, पतपेढी, वाचनालय, रात्रशाळा अशा संस्था जेथे रुजतात, तेथेच त्या गरजेचे खरे निवारण होते.

१९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. तरीही पेण-रोह्याचे तरुण नोकरीसाठी मुंबईस जातातच. त्यांना निरोप देताना पालकांनी भाड्याच्या पैशांबरोबर एखाद्या भल्या माणसाचा पत्ताही द्यावा. शहरात आधीच स्थिरावलेल्यांनी नवख्याची विचारपूस करावी. हाबेल कोठे आहे, असा प्रश्न काइनास विचारला गेला होता. तो आपणा प्रत्येकासही लागू आहे. जेथे खरा भाऊ पाठीशी उभा राहतो, तेथे खोट्या दादाची गरज उरत नाही.