चहातला द्राक्षांचा वास येतो कुठून?

आष्टा म्हणजे कृष्णा-वारणेच्या मधला उसाचा पट्टा. इथला चहा दुधाचा, गोडमिट्ट आणि खळखळून उकळलेला. त्यात हल्ली पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं येताना लिची, पीच, संत्रं अशा वासाच्या काळ्या चहाचे डबे घेऊन येतात. डबा उघडला की घमघमाट आणि चहा केला की तोंडात कडवट पाणी! मग तो डबा फ्रीजच्या डोक्यावर जाऊन बसतो. काही समजुती दूर केल्या तर तो खाली येऊ शकेल.

“डब्यावर फळाचं चित्र, म्हणजे आत फळ.” बहुतेक वेळा नाही. काळ्या चहाच्या तयार पत्तीला फळाचा अर्क किंवा प्रयोगशाळेत जुळवलेला स्वाद लावलेला असतो. अर्ल ग्रे या प्रसिद्ध चहाचंच बघा. त्याचा वास बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाचा असतो आणि हे फळ मुख्यतः इटलीच्या कलाब्रियात पिकतं. पत्तीत दिसणारे वाळलेले तुकडे शोभेपुरते; तीन मिनिटांत त्यांतून फारसं काही उतरत नाही. त्यामुळे ‘फळाचा चहा, म्हणजे व्हिटॅमिन सी’ हा हिशेबही चुकतो. खात्री करायची तर नाक दाबून एक घोट घ्या. फळ गायब होतं आणि साधा कोरा चहा उरतो. नाक सोडलं की लिची परत हजर.

मग फळांचा वास म्हटला की तो वरून लावलेलाच? इथे खरी गंमत आहे. दार्जिलिंगच्या मे-जूनमधल्या दुसऱ्या तोडणीच्या चहाला मस्कट द्राक्षांसारखा वास येतो. त्याला ‘मस्कटेल’ म्हणतात आणि त्यात द्राक्षाचा थेंबही नसतो. हा वास घडवण्यात मोठा हात तुडतुड्यांचा. होय, तेच तुडतुडे, जे दिसताच आपल्याकडे पाठीवर पंप चढतो. त्यांनी कोवळ्या पानातला रस शोषला की झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं. पुढे पान सुकवताना, मळताना आणि हवेत काळं होऊ देताना तो वास आणखी खुलतो. तैवानमधला ‘ओरिएंटल ब्यूटी’ हा मधाच्या वासाचा चहाही तुडतुड्यांच्याच कृपेचा. लिनालूल आणि जेरॅनिऑल ही द्रव्यं मस्कट द्राक्षांतही असतात आणि चहाच्या पानातही, म्हणून नाक फसतं. आता कुणी तासगावची द्राक्षं हुंगून हा वास शोधू लागला, तर तो निराश होईल. आपल्याकडचं थॉमसन आणि त्यातून निवडलेले वाण गोडीला पक्के, पण वासाला अगदीच मवाळ. दार्जिलिंग चहाला २००४ मध्ये भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीच्या बेदाण्याचा नंबर त्यानंतर लागला.

“जितका उकळावा तितका चहा उतरतो.” आपल्या रोजच्या दाणेदार पावडरीपुरतं हे खरं. ती सीटीसी यंत्रातून, म्हणजे चिरडून, फाडून, वळून निघते. हे यंत्र १९३०च्या सुमारास आसामात आलं. या पावडरीचा कडकपणा दूध-साखर सांभाळून घेतात. सुगंधी पत्तीचा वास मात्र वाफेबरोबर उडतो आणि पातेल्यात तुरटपणा मागे राहतो. स्वयंपाकघर सुवासिक होतं, कप नाही. आधण आलं की गॅस बंद करा. कपाला लहान चमचाभर, साधारण दोन ग्रॅम पत्ती टाका, झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा. झाकण काढताना नाक जवळ न्या. निम्मा चहा तिथेच आहे. कडक हवा असेल तर पत्ती वाढवा, वेळ नको.

एवढं करूनही चहा मचूळ लागला, वर तवंग आला, तर पाण्याकडे बघा. क्षारपड जमिनींचा हा भाग. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियमचा आणि चहातल्या द्रव्यांचा पातळ पापुद्रा कोऱ्या चहावर धरतो. पत्तीत भेसळ असल्याची शंका लगेच घ्यायला नको. फिल्टरच्या पाण्यात एकदा करून बघा.

दूध घालावं का? घातलं तर गुन्हा नाही, पण दुधातलं केसिन तुरटपणाबरोबर वासाची धारही बोथट करतं. लिंबू पिळलं की रंग फिका होतो. तो आम्लाचा परिणाम, चहा नकली असल्याचा पुरावा नव्हे. आणि गूळ? गुळाच्या बाजारपेठेत राहून हे लिहायला धाडस लागतं, पण गुळाला स्वतःचाच वास एवढा, की पीच बिचारं दबून जातं. पहिला घोट बिनसाखरेचाच घ्यावा.

“फळाचा आहे, रात्री चालतो.” काळ्या चहात कॅफीन असतंच, वास कुठलाही असो, कपामागे साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम. कॅफीन नको असेल तर निव्वळ वाळलेल्या फळाफुलांचा काढा वेगळा मिळतो, डब्यावर घटक वाचून घ्या. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावं. चहातली द्रव्यं भाजी-डाळीतलं लोह शोषू देत नाहीत.

राहिला डबा. चहाची पत्ती आजूबाजूचा वास पटकन ओढून घेते. चीनमध्ये मोगऱ्याच्या जातीची फुलं पत्तीत मिसळून जाईचा चहा करतात, तो याच गुणावर. म्हणून डबा हळद-मसाल्याच्या कपाटात नको, फ्रीजमध्ये तर नकोच. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि पाहुण्यांसाठी राखून न ठेवता दोन-तीन महिन्यांत संपवा.