नांवाची पाटी आणि तिचें भाडें

दिंडोरी तालुक्याला समुद्र नाहीं. फळीवर उभें राहून लाटेवर स्वार होण्याचा जो खेळ सर्फिंग म्हणून प्रसिद्ध आहे, तो आमच्याकडील मुलांनीं पडद्यावरच पाहिलेला. तरीही आजच्या विषयाचा आरंभ मी त्या खेळापासूनच करणार आहें. कारण इंटरनेटवर आपल्या धंद्याची पाटी लावतांना नांवाच्या शेवटीं 'डॉट कॉम'ऐवजीं 'डॉट सर्फ' असें शेपूट जोडण्याची सोय आतां झाली आहे. आणि ज्या फेरींत हें शेपूट निघालें, त्याच फेरींत आमच्या द्राक्षांच्या मुलुखाला जवळचें असें 'डॉट वाइन' हेंही निघालें. शेपूट हा शब्द मीं योजिला याबद्दल पंडितांनीं क्षमा करावी. मला तो नेमका वाटतो.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राचा पत्ता वस्तुतः आकड्यांचा असतो. आरंभीं यंत्रें थोडीं होतीं, तेव्हां नांवें व आकडे यांची एकच यादी अमेरिकेंत ठेवलेली असे आणि ज्याला हवी तो तिची प्रत उतरवून घेई. यादी आवरेनाशी झाली तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं निराळी योजना मांडली. टपालवाले पाकिटावरचा पत्ता शेवटाकडून वाचतात, आधीं जिल्हा, मग तालुका, मग गांव; तसेंच हें. शेपूट ज्याच्या ताब्यांत, तो आपल्याखालील नांवांची वही राखतो. आपल्या देशाचें 'डॉट इन' २००५ पासून सर्वांस खुलें झालें, आणि २०१४ पासून देवनागरींत 'डॉट भारत'ही मिळूं लागलें.

या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयकॅन संस्थेनें २०१२ सालीं नवीं शेपटें मागण्याची मुभा दिली. एका अर्जाचें शुल्क १ लाख ८५ हजार डॉलर, तरी १,९३० अर्ज आले! सर्फ व वाइन हीं त्यांतलींच. वाइनवरून तर २०१४ मध्यें फ्रान्सनें मोठा गहजब केला. शॅम्पेन हें एका प्रांताचें नांव. उद्यां भलत्याच कोणीं त्याला 'डॉट वाइन' जोडून दुकान मांडलें तर काय, असा त्यांचा सवाल होता. पुढच्या वर्षीं तंटा मिटला. पण नाशिककरांनीं त्यांतून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. 'नाशिक व्हॅली वाइन' यास भौगोलिक मानांकन आहे; परंतु तो दाखला हातीं असला म्हणून त्या नांवाचा इंटरनेटवरील पत्ता आपोआप पदरांत पडत नाहीं. जो आधीं नोंदवील, त्याचा तो.

येथेंच खरी मेख आहे. सह्याद्रि हें नांव आमच्या तालुक्यांतील मोहाडीच्या शेतकऱ्यांच्या कंपनीनें घेतलें आहे आणि दूरदर्शनच्या मराठी वाहिनीचेंही तेंच आहे. व्यवहारांत दोघेही सुखानें नांदतात. पण एका शेपटापुढें एक नांव एकालाच मिळतें. यामुळेंच नवीं शेपटें उपयोगी: कॉममध्यें जागा नसली तरी सर्फमध्यें असूं शकते. मात्र दुसऱ्याच्या ख्यातीवर डोळा ठेवून नांव घेऊं नये. १९९९ सालीं 'रेडिफ'शीं मिळतें 'रॅडिफ' असें नांव घेणारास मुंबई उच्च न्यायालयानें मनाई केली, आणि २००४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही अशा नांवांस व्यापारचिन्हासारखें संरक्षण असल्याचें सांगितलें.

आणि हें नांव विकत मिळतच नाहीं. मिळतो तो भाडेपट्टा, बहुधा एका वर्षाचा, फार तर दहा वर्षांचा. पहिल्या वर्षाचें शुल्क नाममात्र ठेवून पुढें तें कितीतरी पट आकारण्याची रीत खास शेपटांच्या बाबतींत विशेष दिसते; म्हणून दुसऱ्या वर्षाचा दर आधीं विचारावा. भाडें चुकलें तर? १९९९ च्या डिसेंबरांत मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीचेंच एक नांव नूतन करावयाचें राहून गेलें आणि हॉटमेलचीं दारें अनेकांना बंद झालीं. अखेर एका ग्राहकानेंच ३५ डॉलर भरून तें सोडवलें. सर्फ, वाइन अशा शेपटांखालील नांव रद्द झाल्यावर दंडासह सोडवून घेण्यास सामान्यतः ३० दिवस असतात. मग ५ दिवस तें कोणासच मिळत नाहीं. त्यापुढें पहिला येईल त्याचें.

आमच्याकडे मात्र भीति निराळीच. समजा, एखाद्या बागाईतदारानें संकेतस्थळाचें काम ओळखीच्या तरुणास सांगितलें. तरुण प्रामाणिक, पण सोयीसाठीं नोंद स्वतःच्याच नांवें व स्वतःच्या ईमेलवर करतो. खोक्यांवर, पावत्यांवर, परदेशच्या गिऱ्हाईकांच्या पत्रव्यवहारांत तें नांव रुळतें. चार वर्षांनीं तरुण नोकरीनिमित्त परगांवीं जातो, ईमेल बदलतो, आणि नूतनीकरणाच्या सूचना कोणी न वाचलेल्या पडून राहतात. वहींत धनी म्हणून बागाईतदाराचें नांवच नसल्यामुळें तक्रार तरी कोणत्या आधारें करावयाची? म्हणून पैसे देण्यापूर्वीं नोंद कोणाच्या नांवें होणार तें लेखी घ्यावें, सूचना घरांतल्या दोन माणसांस मिळतील अशी तजवीज करावी, आणि खात्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, सातबाऱ्याच्या कागदांबरोबर ठेवावी.