ऑफिसचं वाय-फाय : ओळख कोणी कोणाला दाखवायची?

मागच्या भागात आपण घरच्या राऊटरबद्दल बोललो. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "घरी एक पासवर्ड टाकला की झालं, मग ऑफिसच्या वाय-फायला युजरनेम कशाला लागतं?" आज तेच बघू. शिवाय माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो, कारण हा विषय मला खरा कळला तो त्या चुकीमुळेच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे शब्दांकन.

एक किल्ली, हजार हात

सोसायटीच्या गच्चीची किल्ली आठवा. प्रत्येक घरात एक कॉपी. कोणी घर सोडून गेलं, तर किल्ली परत आली का, हे कोणी विचारत नाही. सगळ्यांना एकच पासवर्ड असलेलं वाय-फाय म्हणजे तेच. हजार माणसांच्या ऑफिसात दर आठवड्याला कोणीतरी नोकरी सोडतं. दर वेळी हजार लॅपटॉपवर पासवर्ड बदलणार का? नाही बदलत कोणी. आणि डब्ल्यूपीए२ मध्ये आणखी एक गोची आहे. पासवर्ड माहीत असलेल्या माणसाने तुमचं डिव्हाइस जोडलं जातानाची सुरुवातीची देवाणघेवाण पकडली, तर तो तुमचा वायरलेस ट्रॅफिक उलगडू शकतो.

म्हणून मोठ्या संस्था ८०२.१एक्स वापरतात. यात तीन पात्रं असतात. तुमचा लॅपटॉप, छताला लावलेला ॲक्सेस पॉइंट आणि आत कुठेतरी बसलेला रेडियस सर्व्हर. ॲक्सेस पॉइंट स्वतः काही ठरवत नाही, तो फक्त निरोप पोहोचवतो. आत घ्यायचं की नाही हे रेडियस ठरवतो. तोच हेही सांगतो की हा माणूस अकाउंट्सचा आहे, याला अमुक व्हीलॅनमध्ये टाका. कोणी नोकरी सोडली की त्याचं एक खातं बंद करायचं. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

पण समोरचा खरा कशावरून?

इथेच गंमत आहे. तुम्ही युजरनेम-पासवर्ड देताय, पण समोर ऑफिसचाच सर्व्हर आहे हे कशावरून? वाय-फायचं नाव कोणीही ठेवू शकतं. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसून मी तुमच्या ऑफिसच्या नावाचं नेटवर्क सुरू केलं, तर तुमचा फोन आपणहून जोडायला बघेल. म्हणून आधी सर्व्हर स्वतःचं सर्टिफिकेट दाखवतो. ते तपासून पटलं, तरच लॅपटॉपने पासवर्डचा भाग सुरू करायचा.

आता माझी चूक. पुण्यातल्या एका कंपनीत मी इंटर्नल टूल्सच्या टीममध्ये होतो. एका सोमवारी सकाळी साडेनऊला कोणाचंच वाय-फाय लागेना. रेडियसचं सर्टिफिकेट रविवारी रात्री संपलं होतं. आठवण करून देणारा मेल यायचा तो अशा माणसाला, जो कधीच कंपनी सोडून गेला होता! नवीन सर्टिफिकेट मिळायला दुपार होणार होती. बॉस म्हणाले, "अरे, काहीतरी कर, क्लायंटचा कॉल आहे." आमच्याकडे सेटिंग्ज एका जागेवरून पाठवायची सोय नव्हती, सगळे पीडीएफ बघून हाताने भरायचे. मी ग्रुपवर मेसेज टाकला, "वाय-फाय सेटिंगमध्ये सर्टिफिकेट तपासू नका हा पर्याय निवडा." दहा मिनिटांत सगळं सुरू. मला शाबासकी पण मिळाली.

नवीन सर्टिफिकेट दुपारी आलं. पण तो पर्याय परत बदला, असा मेसेज मी कधी टाकलाच नाही.

तीन आठवड्यांनी सिक्युरिटी टीमच्या एका ताईंनी मला कॅन्टीनमध्ये बोलावलं. रीतसर परवानगी घेऊन त्यांनी लॅपटॉपवर आमच्याच नावाचं खोटं नेटवर्क चालू केलं होतं. जेवणाच्या सुट्टीत स्क्रीनवर एकेक युजरनेम येत होतं. त्यात माझंही होतं.

युजरनेमसोबत पासवर्ड थेट दिसत नव्हता, एमएस-चॅप व्ही२ चं उत्तर दिसत होतं. पण मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी २०१२ मध्येच दाखवून दिलं होतं की त्याचं कोडं शेवटी एका डीईएस किल्लीवर येऊन थांबतं. म्हणजे ते फुटतं. आणि तोच पासवर्ड आमच्या मेलला आणि व्हीपीएनलाही चालत होता. ताई एवढंच म्हणाल्या, "तू कुलूप दुरुस्त नाही केलंस, दार काढून ठेवलंस."

मग करायचं काय?

त्यानंतर आम्ही ईएपी-टीएलएसवर गेलो. त्यात पासवर्डच नसतो, लॅपटॉपकडेही स्वतःचं सर्टिफिकेट असतं. दोघं एकमेकांना ओळख दाखवतात. चोरायला पासवर्ड नाही, तर खोट्या नेटवर्कच्या हाती काय लागणार? सेटिंग्ज एमडीएममधून जातात, त्यामुळे माझ्यासारख्याने मेसेज टाकून त्या बदलायचा प्रश्न येत नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं ठेवा आणि तिथल्या डिव्हाइसना एकमेकांशी बोलू देऊ नका. प्रिंटर, कॅमेरे यांना अनेकदा ८०२.१एक्स जमत नाही. त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवा, आणि निव्वळ मॅक ॲड्रेसवर विसंबू नका, तो सहज बदलता येतो. जमेल तिथे डब्ल्यूपीए३ घ्या. त्यात मॅनेजमेंट फ्रेम्सचं संरक्षण सक्तीचं आहे, म्हणजे खोटा निरोप पाठवून तुम्हाला नेटवर्कमधून हुसकावणं अवघड होतं.

आणि सर्टिफिकेट संपायची तारीख? ती एका माणसाच्या मेलवर नको, टीमच्या कॅलेंडरवर हवी. ९० दिवस आधी, ३० दिवस आधी आणि ७ दिवस आधी.

डिसेंबर २०२० च्या अपडेटनंतर पिक्सेल फोनमधून गूगलने "तपासू नका" हा पर्यायच काढून टाकला. तेव्हा अनेक आयटीवाले वैतागले होते. मी मात्र मनातल्या मनात आभार मानले.

आज ऑफिसला गेलात की एवढं करा : फोनमध्ये ऑफिसच्या वाय-फायचं सेटिंग उघडा आणि सर्टिफिकेटच्या ओळीत काय लिहिलंय ते वाचा. "तपासू नका" दिसलं तर आयटीच्या माणसाला गाठा. भांडू नका हं, बहुतेक त्याचाही असाच एखादा सोमवार होऊन गेला असेल. भेटू पुढच्या भागात!