मेथीच्या पाकिटातला पाहुणा

सोमवार ते शनिवार कॉम्प्युटर आणि रविवारी माळीबुवा, असा माझा डबल रोल. जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर मेथी लावायची ठरवली आणि बाजारातून बियांचं सुटं पाकीट आणलं. ना लेबल, ना तारीख. स्वस्तात मिळालं म्हणून मीही विचारलं नाही.

मेथी उगवली. सोबत नाजूक, कातरलेल्या पानांची काही रोपंही! 'आई, कोथिंबीर फ्री मिळाली!' आईनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. 'कोथिंबीर कसली रे, गाजर गवत आहे ते!' म्हणत तिनं हातानंच सगळं उपटलं. दोन दिवसांत मनगटांवर लाल चट्टे, रात्रभर खाज. डॉक्टर म्हणाले, याच गवताची अ‍ॅलर्जी. जन्मभर शेतात खुरपणी केलेली माझी आई, आता गच्चीवर यायलाही घाबरते.

उरलेलं पाकीट कागदावर ओतलं. पिवळ्या मेथीत बारीक काळे दाणे. मला ते ओळखता आले नाहीत, पण मेथी नव्हती एवढं नक्की.

हा पाहुणा मूळचा अमेरिका खंडातला. पुण्यात १९५५ मध्ये तो नजरेत भरला. अमेरिकन गव्हासोबत आला, असं आपण ऐकत आलोय. 'पीएल ४८०'चा करार मात्र १९५६ चा! अर्थात, १९५१ मध्ये कर्जाऊ अमेरिकन धान्य आलंच होतं. आणि १८१४ च्या एका वनस्पती-यादीतही त्याची नोंद सापडते. म्हणजे तो आधीच आला असेल, पसरला मात्र नंतर. ऑस्ट्रेलियातली गोष्ट तर थेट आपल्या पाकिटासारखी. तिथल्या क्वीन्सलँडमध्ये तो टेक्सासहून आणलेल्या चाऱ्याच्या गवताच्या बियांत लपून गेला.

एका झाडाला हजारो बिया. त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा १९८० च्या दशकात बंगळुरूत आणून सोडला गेला. पण तो मुख्यतः पावसाळ्यातच काम करतो. सोलापूरच्या पावसाच्या भरवशावर बिचारा किती खाणार?

मग आपण काय करायचं? एकदम सोपं. सुटं बी घेऊ नका. प्रमाणित बियाण्याला निळं लेबल असतं. शुद्धता, उगवण आणि चाचणीची तारीख वाचा. पेरण्याआधी बी पांढऱ्या कागदावर पसरून बघा. अनोळखी रोप फुलण्याआधीच उपटा, पण हातमोजे घालून.

यंदा मी लेबल वाचूनच बी आणलं. कुंड्या मीच साफ करतो. आई जिन्यात उभी राहून विचारते, 'येऊ का रे वर?'

मी म्हणतो, 'थांब, आधी नीट बघू दे.'