शिमोनोसेकीचा अराता, पुण्याचा नीलकंठ

फेब्रुवारी २०१३ मध्ये कोचीला भारत आणि पॅलेस्टाईन यांच्यात मैत्रीपूर्ण फुटबॉल सामना झाला. भारत ४-२ असा हरला आणि चार दिवसांत लोक तो विसरलेही. पण त्या दिवशी भारताच्या निळ्या जर्सीत पहिल्यांदाच उतरलेल्या एका खेळाडूमुळे त्या सामन्याची नोंद ठेवावी लागते. जन्म जपानचा, आई जपानी, वडील गुजराती. भारतीय पासपोर्टवर नाव नीलकंठ खंभोलजा, मैदानावर अराता इझुमी. भारताकडून फुटबॉल खेळण्यासाठी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडणारा तो पहिला खेळाडू. आणि त्या काळात त्याचा क्लब होता पुणे एफसी.

होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम टोकाला शिमोनोसेकी नावाचं बंदर आहे. तिथे ३१ जुलै १९८२ रोजी अराता जन्मला. तो दहा-अकरा वर्षांचा असताना, १९९३ मध्ये, जपानची व्यावसायिक 'जे लीग' सुरू झाली. त्या काळातल्या जपानी संघाच्या मधल्या फळीत रुई रामोस खेळायचा. तो मूळचा रिओ द जानेरोचा. १९८९ मध्ये त्याने जपानी नागरिकत्व घेतलं आणि १९९२ मध्ये जपानला आशिया चषक जिंकून देणाऱ्या संघात तो होता. दुसऱ्या मातीतला माणूस आपला म्हणून खेळवण्याचा अनुभव जपानला होता. भारतीय फुटबॉलला तो यायचा होता, आणि तो आला जपानमधूनच.

सिंगापूरच्या लीगमध्ये आल्बिरेक्स निगाता हा जपानी क्लब आपला एक संघ उतरवत असे. अराता तिथे खेळला आणि २००६ च्या सुमारास कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये आला. तिथून मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडे आणि २००९ मध्ये पुण्याला. त्यानंतरची त्याची सगळ्यात भरीव वर्षं इथेच गेली.

पुणे एफसी हा क्लब अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये उभा केला. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन २००९-१० मध्ये तो आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च स्पर्धेत दाखल झाला आणि पहिल्याच वर्षी तिसरा आला. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. २०१२-१३ च्या मोसमात पुण्याने थेट उपविजेतेपद मिळवलं, गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ. कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेटच्या या शहरात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात फुटबॉल बघायला लोक येऊ लागले, ते याच दिवसांत.

अराता मधल्या फळीत, बहुतेक वेळा आघाडीच्या जरा मागे खेळायचा. मधल्या फळीचं काम गोलफलकावर दिसत नाही. बचाव फळीकडून आलेला चेंडू पाठीवर प्रतिस्पर्धी घेऊन वळवायचा, आघाडीचा गडी कुठे धावणार हे आधीच ओळखून पास टाकायचा आणि चेंडू गेला की तो परत मिळवायला पहिलं पाऊल उचलायचं. अराताचा पहिला स्पर्श स्वच्छ असे आणि अंगमेहनतीला तो कमी पडत नसे. वेळ साधून गोलपेटीत घुसून तो गोलही करायचा.

अडचण कागदावर होती. प्रत्येक क्लबला मोजकेच परदेशी खेळाडू घेता येत आणि वडील भारतीय असले तरी अराताचा पासपोर्ट जपानी, त्यामुळे तो त्याच कोट्यात धरला जाई. भारताच्या संघात तर जागाच नव्हती. भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळता येईल, असं धोरण केंद्र सरकारने २००८ च्या अखेरीस जाहीर केलं होतं. त्यापूर्वी प्रकाश अमृतराज, सुनीता राव यांच्यासारखे अमेरिकी पासपोर्टवाले टेनिसपटू भारतासाठी खेळले होते. त्यांच्यासाठीही दार बंद झालं.

पुण्यातल्या मांजरी-हडपसरच्या वाचकाला पासपोर्टचा हा विषय परका वाटू नये. मुलगा-सून परदेशात आणि नातवंडांकडे अमेरिकेचा नाहीतर ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट, अशी घरं या भागात पुष्कळ. त्यांच्याकडे 'ओसीआय' कार्ड असतं. त्याला परदेशस्थ भारतीय नागरिकत्व म्हणतात खरं, पण ते नागरिकत्व नव्हे. त्यावर आयुष्यभर ये-जा करता येते, नोकरी करता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि भारताच्या संघातून खेळता येत नाही. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. परकं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं संपतं. परत यायचं तर भारतीय वंशाच्या माणसाला साधारणपणे सात वर्षं इथे राहावं लागतं. ओसीआय कार्ड घेऊन पाच वर्षं झाली असतील तर अर्जाआधीचं एक वर्ष. जपानचा कायदाही असाच कडक. दोन्ही वारसे रक्तात असले तरी पासपोर्ट एकच निवडावा लागतो.

जगात इतरत्र चित्र निराळं आहे. २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या २६ जणांपैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. मधल्या फळीतले हकीम झियेश आणि सोफियान अमराबात हे दोघे नेदरलँड्समध्ये जन्मले. मोरोक्को आपल्या लेकरांना दोन पासपोर्ट ठेवू देतो, म्हणून हे जमलं. २००६ च्या विश्वचषकात फ्रान्सच्या उपविजेत्या संघात विकाश धोरासू हा मधल्या फळीचा खेळाडू होता. त्याचं कुटुंब मॉरिशसचं, मूळ भारतीय. त्याला एकदा तरी भारताकडून खेळता आलं असतं का, हा प्रश्न आपल्याकडे कुणी गंभीरपणे विचारलाही नाही.

अराताने जपानचं नागरिकत्व सोडलं. जपानचा पासपोर्ट जगातल्या सर्वांत उपयोगी पासपोर्टांपैकी एक. तो देऊन त्याने ज्या संघात जागा मिळवली, तो आशिया खंडातही मागच्या बाकावरचा होता. पहिला सामना खेळताना त्याचं वय तिशीपार गेलेलं. आंतरराष्ट्रीय कारकीर्द म्हणून थोडेच सामने वाट्याला आले. निव्वळ आकड्यांत मोजलं तर हा व्यवहार तोट्याचा.

पण मांजरीकरांना वेगळा हिशेब माहीत असायला हवा. इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात कुणालाही विचारा: महाराष्ट्रातल्या बहुतेक द्राक्षबागांचा खुंट 'डॉगरिज' हा मूळचा अमेरिकी, आणि त्यावर कलम केलेलं असतं थॉमसनसारख्या वाणाचं. खुंट परका म्हणून द्राक्षं परकी होत नाहीत. क्षारपड आणि पाण्याची टंचाई असलेल्या जमिनीत बाग तगते, ती त्याच खुंटामुळे. मात्र कलम जगायला बागाईतदार लागतो, आणि पुण्याच्या फुटबॉलला तोच मिळाला नाही.

पुढचा इतिहास उदास आहे. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१५ नंतर वरिष्ठ स्पर्धांतून बाहेर पडला. त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली. इंडियन सुपर लीगमधल्या याच पुणे सिटीकडून अराता २०१६ मध्ये पुन्हा आपल्या जुन्या शहरात खेळला. त्याआधी तो ॲटलेटिको दि कोलकातामध्ये होता, नंतर केरळ ब्लास्टर्समध्ये गेला. २०१९ मध्ये पुणे सिटीही संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. ज्या माणसाने देश बदलला तो इथेच राहिला आणि इथले क्लब मात्र टिकले नाहीत, ही या कहाणीतली खरी बोचणारी गोष्ट.

अराता खेळणं थांबवून जपानला परतला नाही. नवी मुंबईतल्या 'रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स' या निवासी अकादमीत तो प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखालची किशोरवयीन मुलं आज देशातल्या मोठ्या क्लबांकडून खेळतात. माझ्या मते त्याच्या नागरिकत्वाचा भारताला झालेला सगळ्यात मोठा फायदा हा आहे.

त्याच्या वाटेने दुसरा खेळाडू यायला बारा वर्षं लागली. पर्थमध्ये जन्मलेला रायन विल्यम्स २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता. त्याची आई मुंबईची, आणि आजोबा लिंकन ग्रोस्टेट १९५० च्या दशकात मुंबईकडून संतोष करंडक खेळलेले. बेंगळुरू एफसीच्या या आघाडीपटूने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्यानंतर ओसीआय खेळाडूंना मुभा द्यावी, ही मागणी पुन्हा जोरात आहे. ती द्यावी की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण बाहेरून आलेला खेळाडू चार-पाच मोसम खेळतो. संघ पिढ्यानपिढ्या चालतो तो गावागावांतल्या क्लबांवर.

मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. इमारती वेगाने उठताहेत आणि मोकळ्या जागा तितक्याच वेगाने जाताहेत. तासावर भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर खेळ होतो, क्लब होत नाही. आपल्या भागाच्या विकास आराखड्यात फुटबॉलचं एक पूर्ण मापाचं मैदान राखून ठेवायला लावा आणि तिथे वर्षभर चालणारा संघ उभा करा. पुढचा अराता पुण्यात आला तर त्याला खेळायला क्लब असला पाहिजे.