अळ्या पाळणारे साहेब

अंडं, अळी, कोष, फुलपाखरू ही साखळी शाळेपासून सर्वांना पाठ असते. मला कित्येक वर्षं ओढ आहे ती तिच्या मधल्या दोन कड्यांची, आणि त्या कड्यांपायी कारवारच्या रानात झाडांची पानं उलटून पाहत हिंडलेल्या तीन माणसांची.

त्यांच्या काळात फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे बहुतेक टाचणीला लावलेल्या पंखांचा अभ्यास. त्यातून घोळ व्हायचे. लिनिअसने १७५८ साली ‘अल्माना’ आणि ‘अ‍ॅस्टेरी’ अशा दोन जाती नोंदवल्या. एकीचे पंख खालून वाळक्या पानासारखे, टोकं कोनदार. दुसरीच्या पंखांखाली ठसठशीत डोळे. मुळात ते एकच फुलपाखरू, पीकॉक पॅन्सी. पहिलं कोरड्या दिवसांतलं, दुसरं पावसाळ्यातलं. तपकिरी फुलपाखरांच्या अशाच ऋतुरूपांचा वाद कलकत्त्याच्या लायोनेल द निसेव्हिल यांनी घरी फुलपाखरं वाढवून सोडवला. त्यावरचा त्यांचा निबंध १८८६चा. माझ्या मते त्यांचं हे काम शेकडो नव्या जातींना नावं देण्यापेक्षा मोठं आहे.

मुंबई इलाख्यात हाच ध्यास घेतला तो जे. डेव्हिडसन, ई. एच. एटकिन आणि टी. आर. बेल यांनी. डेव्हिडसन कलेक्टर. एटकिन मीठ-जकात खात्यात. जन्म साताऱ्याचा, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३च्या संस्थापकांपैकी एक. बेल जंगल खात्यात. पहिल्या दोघांची अळ्या-कोषांवरची टिपणं सोसायटीच्या जर्नलमध्ये १८९० साली आली. उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवरचा तिघांचा लेख १८९६ पासून.

एटकिन यांनी १८९४ साली एपफ्लाय या चिमुकल्या फुलपाखराच्या अळीबद्दल आणि कोषाबद्दल लिहिलं. ही अळी पानाला तोंड लावत नाही. मादी अंडी घालते तीच पिठ्या ढेकणांच्या वसाहतीत. अळी ते ढेकूण खाऊनच वाढते. अंगावर त्यांचंच पांढरं पीठ चढल्यामुळे ती ढेकणांच्या गर्दीत ओळखू येत नाही. मधुरसासाठी ढेकणांभोवती जमलेल्या मुंग्यांच्या देखत तिचं हे जेवण चालतं. मग ती कोष करते. जेमतेम अर्धा सेंटिमीटरचा तो कोष समोरून पाहिला की थेट माकडाचं तोंड दिसतं: डोळे, नाक, गाल, सगळं जागच्या जागी. इंग्रजी नाव त्यावरूनच पडलं. डाळिंब, सीताफळ, द्राक्ष करणाऱ्यांना पिठ्या ढेकूण किती छळतो हे सांगायला नको. त्याला खाणारी ही अळी बागेत असताना सरसकट फवारणी करणं मला पाहवत नाही.

तिघांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते बेल. नीळवर्गातल्या पुष्कळ अळ्यांच्या पाठीवर गोड रस स्रवणारी ग्रंथी असते. मुंग्या तो रस चाटतात आणि अळीची राखण करतात. कोणत्या अळीपाशी कोणत्या मुंग्या दिसतात, हे बेल यांनी चिकाटीने टिपलं. १९०९ पासून पुढे बरीच वर्षं जर्नलमध्ये त्यांची मैदानी प्रदेशातल्या सामान्य फुलपाखरांवरची लेखमाला चालली. अंडं कुठल्या झाडावर, अळी पानाची घडी कशी घालते, कोष कशाला टांगते, फुलपाखरू कुठे बसतं, सारं त्यात आहे. नोकरीनंतर ते मायदेशी गेले नाहीत. कारवारलाच राहिले आणि १९४८ साली तिथेच वारले. त्यांनी ज्या झाडांवर अळ्या शोधल्या, त्यांतली कित्येक तळकोकणात आणि गोव्यातही वाढतात. ही लेखमाला मराठीत यावी, अशी माझी फार इच्छा आहे.