घाटातला पाऊस आणि गाडीतली वीज

मैत्रिणींनो, पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारी वाट पावसाळ्यात देखणी खरी. पण धुकं उतरलं की भर दुपारी दिवे लावावे लागतात. दिवे, वायपर, ब्लोअर, सगळं एकदम चालू! अशा वळणावर दिवे मंदावले तर? आपल्यापैकी कितीतरी जणी आज गाडी सफाईने चालवतात, पण बॉनेट उघडायची वेळ आली की म्हणतात, "ते बाई यांनाच विचारा." विचारायला 'हे' जवळ नसले म्हणजे?

हंडा आणि नळ

बॅटरी म्हणजे भरून ठेवलेला हंडा. किल्ली फिरवली की सेल्फ तिच्यातून शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, पण काही सेकंदच. इंजिन सुरू झालं की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर वीज तयार करतो. तो नळ समजा. गाडी तो चालवतो आणि हंडाही पुन्हा भरतो. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १४ च्या आसपास.

हिशेब सोपा आहे. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर. ६० वॉटचा एक दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो, दोन दिवे १०. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली, तर इंजिन बंद ठेवून दिवे लावल्यास कागदावर साडेतीन तास. प्रत्यक्षात त्याआधीच सेल्फ मारायचं बळ संपतं आणि किल्ली फिरवली की नुसतं 'टक् टक्' ऐकू येतं.

चालत्या गाडीत बॅटरीचं लाल चिन्ह उजळलं, तर नळ बंद पडला असं समजा. एसी, ब्लोअर, रेडिओ बंद करा. दिवे आणि वायपर राहू द्या. इंजिन बंद न करता जवळचं गॅरेज गाठा. काही गाड्यांत तोच पट्टा इंजिन थंड ठेवणारा पंपही फिरवतो. तापमानाचा काटा चढू लागला तर मात्र सुरक्षित जागी थांबाच.

परतीची वाट

घरातल्या दिव्याला वीज न्यायला एक तार आणि परत आणायला दुसरी. गाडीत परतीचं काम बहुतेक ठिकाणी लोखंडी सांगाडाच करतो; त्यालाच मेकॅनिक 'अर्थ' म्हणतात. आपल्या दमट हवेत तिथे गंज चढला की दिवा मिणमिणतो. बल्ब बदलण्याआधी तो सांधा पाहायला सांगा. प्रत्येक दिव्याची वाट वेगळी, म्हणून एक गेला तरी दुसरा जळतो. गणपतीतल्या जुन्या माळेसारखं एक गेला की सगळे गेले, असं होत नाही.

फ्यूज उडाला तर

वायपर आणि हॉर्न अचानक गप्प झाले तर आधी फ्यूज पाहा. लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. तितक्याच अँपिअरचा नवा बसवा. तार किंवा चांदी गुंडाळून वेळ मारून नेऊ नका; फ्यूज वाचेल, पण वायर तापून गाडी पेटेल. नवाही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं.

पुरात बुडालेली गाडी

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं. अशा पुरातून गाडी बाहेर निघाली की हात आपोआप किल्लीकडे जातो. तेवढं टाळा! इंजिनात पाणी असेल तर आतले दांडे वाकतात आणि ओल्या जोडांतून शॉर्ट होतो. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढूनच न्या. हायब्रीड किंवा विजेवरच्या गाडीत नारिंगी तारांना हातही लावू नका. तिथला दाब जिवावर बेतणारा असतो.

मिरगाआधी एवढं करा

* टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर आधी ऋण (–) टोक सोडवा, मग धन (+). खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा. जोडताना आधी धन, मग ऋण. वर व्हॅसलिनचा हात फिरवा. हातातल्या बांगड्या मात्र आधी काढून ठेवा.
* बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या.
* जादा फ्यूज, टॉर्च आणि जंपर केबल गाडीत ठेवा.
* फ्यूजची पेटी कुठे आहे ते पुस्तिकेत पाहून एकदा हाताने चाचपून या. अंधारात, भर पावसात ती शोधत बसायला नको.